भाडेकरू मुलगा आणि मसाल्याचं कलम

"मॅडम, आई माझ्याकडे भाडं मागतेय!"

प्रसादने दार ढकललं आणि बसायच्या आधीच हे जाहीर केलं. जुलै संपत आलेला. रिटर्न भरायची मुदत तोंडावर. माझा फोन वाजायचा थांबत नव्हता आणि चहा कधीचा गार झाला होता.

"मग देऊन टाक की," मी म्हटलं.

"कसलं देऊ? मी माझ्याच घरात राहतो!"

"घर कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्या."

"मग तू आईच्या घरात राहतोस. बस आधी."

तो बसला. मला हसू येत होतं, पण धंद्याच्या जागी हसू आवरावं लागतं. शिवाय ही आग कोणी लावली ते मला पक्कं ठाऊक होतं. मीच लावली होती.

मी मुंबईत चारकोपला इन्कम टॅक्सचं काम करते. पगारदार माणसं, पेन्शनर, छोटे दुकानदार, असे माझे क्लायंट. वर्षभर रस्त्यात भेटले तर मान फिरवतात आणि जुलै आला की "मॅडम, काहीतरी जुगाड करा ना" म्हणत दारात उभे राहतात. हा "जुगाड" शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. कायद्यातच इतक्या सवलती आहेत, त्या आधी नीट घ्या की! मुलांच्या शाळेची ट्यूशन फी 80C च्या वजावटीत चालते हे निम्म्या बापांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते त्यात शाळेच्या बसचे पैसे पण घुसवतात. पगारातून कापला जाणारा पीएफ त्याच 80C मध्ये बसतो, तेही विसरतात आणि मार्चमध्ये घाबरून कुठलीतरी नको ती पॉलिसी गळ्यात बांधून घेतात.

तर प्रसाद. मालाडच्या एका कंपनीत चांगला पगार. बायको ऋतुजा, शाळेत जाणारी मुलगी, आणि आई. आईला आम्ही सगळे सुमनकाकी म्हणतो. काकी मूळच्या मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर हातात आलेल्या पैशातून त्यांनी चारकोपच्या सेक्टरमध्ये बैठं घर घेतलं, तेही मुद्दाम काकींच्या नावावर. पुढे त्यावर मजला चढला. आता यजमान नाहीत. घर मात्र काकींचंच आहे.

जानेवारीत प्रसादचा फोन आला होता. जानेवारीत कंपन्यांचे HR लोक गुंतवणुकीचे पुरावे मागतात. ते दिले की पगारातून टॅक्स कमी कापला जातो. म्हणून जानेवारीत सगळ्या नोकरदारांना अचानक माझी आठवण येते.

"मॅडम, ऑफिसमधला एक जण आईवडिलांना भाडं देतो म्हणून HRA घेतो. मला चालेल का?"

HRA म्हणजे घरभाडं भत्ता. पगाराच्या स्लिपवर हा आकडा असतो. तुम्ही खरोखर भाड्याने राहत असाल तर त्यातल्या काही भागावर टॅक्स लागत नाही. किती भागावर, त्याचं गणित असं: एक, मिळालेला HRA. दोन, मुंबईत असाल तर बेसिक पगाराचा अर्धा भाग. तीन, तुम्ही दिलेल्या भाड्यातून बेसिकचा दहावा भाग वजा करून उरतं ते. या तिघांत जे सगळ्यात कमी, तेवढ्यावर टॅक्स माफ. आणि हे सगळं फक्त जुन्या रेजिममध्ये, म्हणजे जुन्या करपद्धतीत. नव्या रेजिममध्ये टॅक्सचे दर कमी आहेत, पण HRA, 80C वगैरे लाड नाहीत.

मी प्रसादला सांगितलं, "चालतं. घर आईच्या नावावर आहे, तेव्हा तुला चालतं. पण पैसे खरंच तुझ्या खात्यातून आईच्या खात्यात गेले पाहिजेत, आणि आईने ते उत्पन्न म्हणून दाखवलं पाहिजे."

नंतर लक्षात आलं की पठ्ठ्याने "चालतं" एवढंच ऐकलं होतं. "थँक्यू मॅडम" म्हणून फोन ठेवलासुद्धा.

मग जुलै उजाडला आणि आधी आल्या काकी. त्यांचं काम दरवर्षीचं. त्यांच्या एफडीच्या व्याजावर बँक टीडीएस कापते, म्हणजे टॅक्स आधीच कापून सरकारकडे भरते. काकींचं एकूण उत्पन्न टॅक्स लागण्याइतकं नाही. एप्रिलमध्ये बँकेत 15H नावाचा फॉर्म भरला तर बँक कापणारच नाही. मी दर वर्षी सांगते. काकी दर वर्षी "होय गो बाय" म्हणतात आणि विसरतात. मग रिटर्न भरून ते पैसे परत मागवायचे.

येताना काकींच्या पिशवीत नेहमी माझ्यासाठी मालवणी मसाल्याचा डबा असतो. हा त्यांचा स्वतःचा मसाला. सेक्टरमधली अर्धी घरं तो घेतात. एप्रिल-मे मध्ये त्यांच्या गल्लीत शिरलं की नाकाला कळायचं, काकींचा मसाला चाललाय. यंदा पिशवीतून फक्त बँकेचे कागद निघाले.

"काय हो काकी, यंदा मला विसरलात?"

"मसालो केलंयच नाय गो बाय."

"का? तब्येत?"

"तब्येतीक काय धाड भरली? घरात नवीन किचन इला ना. मोड्युलर. झील म्हणता, आई, मिरची भाजलंस तर चिमणी खराब होतली, कपाटां लाल होतली. सूनबाय घरातून काम करता, तिका खोकलो येता. म्हटलंय, राहूदे. येतत त्यांका नाय म्हणान सांगतंय."

त्यांनी हे हसत सांगितलं. पण मला राग आला. अगदी खरा राग आला. ज्या बाईच्या नावावर घर आहे तिने आपल्या स्वयंपाकघरात मिरची भाजायची नाही? ज्या कामाने तिचा उन्हाळा भरून जायचा, चार बायका दारात यायच्या, हातात स्वतःचे पैसे यायचे, ते काम एका चिमणीपायी बंद?

मी स्क्रीनकडे वळले आणि पुढचा प्रश्न विचारला. काडी टाकली म्हणा हवं तर. पण प्रश्न नियमाने विचारायचाच होता.

"काकी, प्रसादचं भाडं वर्षभरात किती आलं?"

"भाडा? कसला भाडा?"

मी समजावून सांगितलं. त्यांचा पॅन नंबर वापरला गेला होता, तेव्हा त्यांना कळायलाच हवं होतं. मोठं भाडं दाखवायचं तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. कंपनी तो सरकारला कळवते. मग ते भाडं मालकाच्या AIS मध्ये दिसतं. AIS म्हणजे तुमच्या नावावर वर्षभरात काय काय आलं-गेलं त्याची सरकारकडची नोंद. रिटर्न भरण्याआधी ती उघडून बघायची असते. जवळजवळ कोणीच बघत नाही. मी काकींची उघडली होती आणि त्यात प्रसादचं भाडं होतं.

"सही घेतल्यान होती माझी," काकींना आठवलं. "मी वाल सोलत बसलेलंय. झील म्हणालो, ऑफिसात व्हया, कर सही. माका वाटला मेडिक्लेमचा काय असात." त्यांनी बँकेचे कागद गोळा केले. मग म्हणाल्या, "म्हणजे कागदावर मी मालकीण आणि माझो झील भाडेकरू?"

"हो."

"आणि भाडेकरून मालकिणीक न विचारता घरात तोडफोड केली तर?"

"तशी करता येत नाही, काकी."

"बरा," काकी म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या. चाल नेहमीपेक्षा बरीच ताठ होती.

पुढचं प्रसादने मला सांगितलं. तो घरून काम करत होता, मीटिंग चालू होती. काकी थेट दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वर्षभराचा भाडा थकलाहा. कधी देतंस?" याचा माइक चालू. सगळ्या टीमने ऐकलं. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी विचारलं म्हणे, "काय यार, भाड्याला पैसे नाहीत? सांगायचं ना!"

म्हणून स्वारी माझ्याकडे आली होती.

"मॅडम, असं करतो ना, आत्ता एकदम सगळे आईच्या खात्यात टाकतो. मागच्या वर्षीचं भाडं म्हणून."

"मागचं वर्ष मार्चला संपलं रे बाबा. आता टाकलेले पैसे त्या वर्षाचे कसे होतील? उद्या कोणी बँकेचं स्टेटमेंट मागितलं तर काय दाखवशील?"

"कोण बघतंय मॅडम?"

"कॉम्प्युटर बघतो. तू म्हणतोस भाडं दिलं, आईच्या खात्यात काही नाही. तिने उत्पन्न दाखवलं नाही तर विचारणा तिला येणार. दाखवलं तर न मिळालेल्या पैशाचा हिशोब द्यायचा. दोन्हीकडून तीच अडकते."

आता मात्र त्याचा चेहरा उतरला. "आईला नोटीस? अहो, तिला बँकेचा साधा मेसेज आला तरी ती शेजारणीला वाचायला लावते. तिच्या डोक्याला ताप नको. माझं काय व्हायचं ते होऊ दे." हे मात्र त्याने मनापासून म्हटलं. मला बरं वाटलं. मुलगा वाईट नव्हताच. फुकटात मिळतंय म्हटल्यावर माणसं जशी वागतात तसा वागला होता.

"रिटर्न अजून भरलं नाहीस ना?"

"नाही."

"मग वाचलास. कंपनीने HRA धरला असला तरी रिटर्न तुझं आहे. त्यात HRA मागायचाच नाही. टॅक्स कमी कापला गेलाय, तो व्याजासकट भरायचा आणि मोकळं व्हायचं. आईच्या AIS मधली ती नोंद चुकीची आहे, असं मी ऑनलाइन कळवते."

"वाट लागली," प्रसाद म्हणाला.

"थांब. नवी रेजिम लावून बघू."

ही गोष्ट पगारदारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑफिसात जुनी रेजिम निवडली म्हणून रिटर्नमध्ये तीच ठेवावी लागते असं नाही. मुदतीच्या आत रिटर्न भरत असाल तर बदलता येते. दोन्हीचं गणित करायचं आणि कमी टॅक्स येईल ती घ्यायची. वेबसाइटवर त्यासाठी कॅल्क्युलेटर आहे, फुकट. प्रसादचा HRA काढल्यावर नवी रेजिम स्वस्त पडली. भरायचे पैसे बऱ्यापैकी खाली आले. त्याने कण्हत कण्हत माझ्यासमोरच भरले.

"आणि ई-व्हेरिफाय कर," मी बजावलं. रिटर्न नुसतं भरून होत नाही. आधारच्या OTP ने ते पक्कं करावं लागतं, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं होतं. दर वर्षी कोणीतरी एक जण हे विसरतो आणि मग माझ्यावरच डाफरतो.

"मॅडम, या चालू वर्षाचं काय?"

मी खरं भाडं धरून गणित केलं. त्यात काकींच्या मेडिक्लेमचा हप्ता घातला. ज्येष्ठ आईवडिलांचा हप्ता तुम्ही भरत असाल तर त्याची वेगळी सवलत मिळते, फक्त रोख भरू नका. मुलीची ट्यूशन फी घातली, पीएफ घातला. आता जुनी रेजिम चांगलीच स्वस्त पडत होती.

प्रसादचे डोळे चमकले. "झकास! यंदा खरंच देतो भाडं. दर महिन्याला. बँकेतून. फक्त आईची सही लागेल ना करारावर?"

"हो. आणि पॅन."

"देईल ती."

"विचारून बघ," मी म्हटलं.

काकी दुसऱ्या दिवशी आल्या. ठेवणीतली साडी, केसात अबोलीचा वळेसर. बरोबर ऋतुजा. प्रसाद आधीच येऊन बसला होता. काकींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "भाडेकरू इलो काय?"

"आई, प्लीज."

"काय प्लीज? मॅडम, ह्येका सांगा, मालकिणीशी नीट बोल."

ऋतुजा तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी करार काढला. लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो, तो रजिस्टर करावा लागतो. आईमुलात कसला करार, असं लोक म्हणतात. माझं उत्तर एकच. आईमुलातच करावा, कारण बाकीचे लोक निदान भाडं मागतात तरी.

"वरचा मजला आणि स्वयंपाकघराचा वापर," मी वाचलं. "भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, बँकेतून. सही करा काकी."

"करतलंय. पण माझ्या अटी लिव."

"कसल्या अटी?" प्रसाद म्हणाला.

"एप्रिल आणि मे म्हयन्यात स्वयंपाकघर माझा. मी मसालो करतलंय. भाडेकरून चिमणीचा नाव काढूचा नाय."

"अगं आई, कपाटांची वाट लागेल! किती खर्च केलाय त्यावर!"

"मग दुसरा घर बघ," काकी शांतपणे म्हणाल्या. "चारकोपात भाडा काय चल्लाहा ता मॅडमना इचार."

मी मान डोलावली. चारकोपातले भाड्याचे दर मला ठाऊक होते आणि प्रसादलाही. तो एकदम मऊ झाला. "आई, चेष्टा पुरे आता. तुला पैसे हवेत का? तसं सांग, मी असेच देतो."

आणि मग काकींचा आवाज बदलला.

"पैसे कोणाक व्हये रे? किचन तोडलास तेव्हा टाइल खयची, रंग खयचो, माका कोणी इचारला? मी बाजूक उभी होतंय. वीस वर्सां त्या ओट्यावर माझो हात फिरलो. तो मोडून नेलो, मी बघीत रवलंय. तू सगळ्यांका सांगतंस, आई आमच्याकडे असते. मी तुमच्याकडे नाय रे. तुम्ही माझ्याकडे आसात."

फोन वाजत होता, मी तो उलटा करून ठेवला. प्रसाद खाली बघत होता. "चुकलं गं," तो म्हणाला. "खरंच लक्षात नाही आलं."

ऋतुजाने काकींच्या हातावर हात ठेवला. "आई, मला मसाल्याचं काही नाही हो. फक्त मिरची भाजताना खोकला येतो, मीटिंगमध्ये बोलता येत नाही. तेवढे दिवस मी मुलुंडला माहेरी जाते."

"तू कित्याक जातंस? मिरची गच्चीत भाजूया. खोबरा, धने, बाकीचा सगळा खाली." काकी माझ्याकडे वळल्या. "लिव. मिरची गच्चीत."

मी लिहिलं. इतकी वर्षं करार करतेय, पण "मिरची गच्चीत भाजली जाईल, इतर जिन्नस स्वयंपाकघरात" हे कलम मी पहिल्यांदाच टाइप केलं. रजिस्ट्रेशनच्या एजंटने फोन करून विचारलं, "मॅडम, हे चुकून आलंय का?" म्हटलं, नाही, सगळ्यात महत्त्वाचं कलम तेच आहे.

काकींनी सही केली. या वेळी आधी वाचून केली, चष्मा लावून, एकेक ओळ.

भाडं सुरू झालं. पाच तारीख टळली की काकी जिन्याखाली उभ्या राहून हाक मारायच्या, एवढी की शेजारचे बाहेर यायचे. त्यामुळे तारीख फारशी टळली नाही. एप्रिलमध्ये त्यांनी बँकेत जाऊन 15H सुद्धा भरला आणि मला फोन करून तसं सांगितलं. आणि मे महिन्यात मी त्यांच्या गल्लीत शिरले तेव्हा नाकाला कळलं. गच्चीत काकी मिरची परतत होत्या आणि शेजारी त्यांचा भाडेकरू तोंडाला रुमाल बांधून खोकत खोकत झारा धरून उभा होता.

या जुलैत काकी आल्या. टेबलावर आधी मसाल्याचा डबा ठेवला, मग कागद. मी रिटर्न भरायला घेतलं. भाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला म्युनिसिपालिटीचा टॅक्स वजा होतो आणि उरलेल्यातून सरसकट तीस टक्के. दुरुस्तीला खरंच खर्च केला का, असं कोणी विचारत नाही. काकींना एक रुपया टॅक्स आला नाही.

धडा काय? भाडं दाखवायचं असेल तर आधी द्या. आणि आई वाल सोलत असताना तिची सही घेऊ नका.

रिटर्न पूर्ण करण्याआधी मी एक प्रश्न विचारला. नियमाने विचारावाच लागतो.

"काकी, मसाल्यातून यंदा नफा किती झाला? तोही दाखवायला हवा."

काकींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग डबा माझ्यापुढून हळूच उचलला आणि आपल्या पिशवीशेजारी ठेवला.

"सांगतंय," त्या म्हणाल्या. "पण आधी सांग, हो डबो खर्चात धरतलंस काय?"